कोऱ्या जागेची एकमताने नियुक्ती

सरोजिनी परब यांचा परवाना त्यांना परत मिळाला. लालबागेतलं त्यांचं शटर वर गेलं, निम्म्या वस्तीला बसचे नंबर पुन्हा दिसायला लागले आणि गणपतराव राण्यांनी कार्यालयात पेढे वाटले.

असं काहीही घडलेलं नाही. परिषदेच्या दफ्तरानुसार परवाना गेलाच नव्हता, त्यामुळे तो परत मिळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. शटर खाली आलंच नव्हतं. पेढे कशाचे होते याबाबत कार्यालय अनभिज्ञ आहे. तेव्हा हे कानावर आलंच नाही असं समजू आणि पहिल्यापासून सुरू करू.

भोईवाड्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत राज्य चष्मा परिषद नावाचं एक कार्यालय आहे. तिथे मी, अभय, कंत्राटी लिपिक. चष्मेवाल्यांना परवाने द्यायचे, दर पाच वर्षांनी ते नवे करायचे आणि कोणी तक्रार केली तर सुनावणी लावायची, एवढंच परिषदेचं काम. सुनावणीसाठी एक सुनावणी अधिकारी नेमावा लागतो. हा माणूस दोन्ही बाजू ऐकतो, कोणाचाही चहा घेत नाही आणि शेवटी परवाना राहणार की जाणार ते सांगतो. तो परिषदेचा नसतो, तक्रारदाराचा नसतो, चष्मेवाल्याचा तर नसतोच. असा कोणाचाच नसलेला माणूस शोधणं माझ्याकडे होतं. आणि तोही लालबाग-परळात, जिथे लिफ्टमध्ये दोन माणसं भेटली की दुसऱ्या मजल्यापर्यंत गाव निघतं आणि चौथ्यापर्यंत नातं.

तक्रार हितेंद्र घाडी यांची होती. लालबागेत जिथे त्यांची चाळ होती तिथेच आता टॉवर आहे आणि त्याच्या एकतिसाव्या मजल्यावर ते राहतात. तक्रार टाइप केलेली, मुद्देसूद:

"श्रीमती परब यांनी दिलेल्या चष्म्यातून मला दिलेल्या नंबरापेक्षा जास्त दिसते. माझ्या बाल्कनीतून खाली सोसायटीचा पोहण्याचा तलाव आहे. सदर तलावावर एक महिला रोज सकाळी पापड वाळत घालते. पापड भिजत नाहीत. इतर सभासदांना महिला दिसत नाही, ते तिच्यातून पोहतात. चष्मा काढल्यास महिला दिसत नाही, परंतु चष्मा काढल्यास तलावही दिसत नाही. तरी योग्य ती कारवाई व्हावी."

आमच्या निबंधक अनुजा देवस्थळी मॅडम. त्यांनी तक्रार दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "यात विचित्र काही नाही, अभय. सदोष भिंगाचा प्रकार आहे. कलम लावा."

"कमी दिसण्याचं कलम आहे, मॅडम. जास्त दिसण्याचं नाही."

"मग तेच उलटं लावा."

कलम उलटं लागलं आणि नियमाप्रमाणे सुनावणी होईपर्यंत परवाना स्थगित झाला.

नोटीस घेऊन मी लालबागेत गेलो. परबांच्या दुकानाला लागून मसाला कांडपाचं दुकान आहे. त्यामुळे तिथली हवा कायम तांबूस असते आणि नंबर काढायला बसलेला माणूस आधी शिंकतो, मग अक्षरं वाचतो. सरोजिनीकाकी भिंग घासत होत्या. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर.

"मोठ्यानं वाच," त्या म्हणाल्या. "माझे हात काचेत आहेत."

मी वाचली. तलाव आला तेव्हा त्यांनी मान हलवली. पापड आले तेव्हा हात थांबले.

"पापड कसले? उडदाचे की पोह्याचे?"

"तक्रारीत नमूद नाही."

"मग काय मेली ती तक्रार. बरं, दुकान बंद कधीपर्यंत?"

"सुनावणी होईपर्यंत."

"सुनावणी कधी?"

"अधिकारी नेमला की."

"आणि तो कोण शोधणार?"

"मी."

"मेल्या, येताना दारातली पायरी दिसली नाही तुला. अधिकारी शोधणार म्हणे."

मी गुडघा चोळला. मग त्यांनीच मला माहीत असलेली गोष्ट मला सांगितली. त्यांच्या परवान्याची पाच वर्षं गणेश चतुर्थीच्या आसपास संपत होती. स्थगित परवाना नवा होत नाही. म्हणजे तोपर्यंत सुनावणी झाली नाही, तर परवाना कोणी न घेता आपोआप जाणार. मग नवा काढायचा तर परीक्षा. "आता ह्या वयात मी पोरांच्या बाकावर बसून पेपर लिहू?" त्या म्हणाल्या. "सासऱ्यांनी टाकलेलं दुकान. मी ह्या गल्लीत लग्न होऊन आले ती ह्याच खुर्चीत. मला घरची खुर्चीसुद्धा लागत नाही, पाठ दुखते." मग जरा थांबून, "चहा घेतोस?"

"काकी, मी परिषदेचा माणूस आहे."

"मग परिषदेला पाज."

मी चहा घेतला. तो परिषदेने घेतला असं समजावं. काकींनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, नाकावरचा वर केला आणि शटर स्वतः ओढलं.

त्यानंतर लालबाग हळूहळू धूसर झाली. मोडलेल्या दांड्यांना दोरे आले, दोऱ्यांना गाठी. माणसं एकमेकांना अंदाजाने ओळखायला लागली. वर्षानुवर्षं न बोलणारे दोन सख्खे भाऊ चुकून एकमेकांशी अर्धा तास बोलले आणि कोण ते कळल्यावर वेळ गेल्याचं दोघांनाही वाईट वाटलं. संध्याकाळी पुलावरून खाली बघितलं की सगळी वस्ती पाण्याखाली असल्यासारखी सावकाश चालायची, हात थोडे पुढे धरून. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा जगदीश, त्याचा चष्मा काकींकडे दुरुस्तीला अडकलेला. तो सवयीने ब्रश चालवत राहिला. त्याच्या हातून उतरलेला एक गणपती किंचित आश्चर्यचकित होता.

"गिऱ्हाईक काय म्हणालं?" मी विचारलं.

"म्हणालं, ह्यो आमच्याकडे बघून दचकलाय का रे." जगदीशने डोळे चोळले. "मी म्हटलं, तुम्हीच काय ते केलं असेल. तुमचा अधिकारी बघा लवकर, भावा. अजून दोन देव दचकायच्या आत."

मी बघत होतो. परिषदेकडे तज्ज्ञांची एक नामिका, म्हणजे मंजूर नावांची यादी आहे, त्यातूनच अधिकारी नेमायचा. अट एवढीच की तो चष्मेवाल्याचा नातेवाईक नसावा आणि गिऱ्हाईक नसावा. नामिकेतले सगळे निवृत्त होते, म्हणजे जवळजवळ सगळ्यांना चष्मा होता, आणि दादर ते गिरगाव चांगला चष्मा म्हणजे परबांचा. दादरचे एक निवृत्त न्यायाधीश हट्टालाच पेटले. म्हणाले, "मी चष्मा काढून सुनावणी घेईन. मग आक्षेप काय?" त्यांनी चष्मा काढला, टीपॉयवर ठेवला आणि कोपऱ्यात टांगलेल्या छत्रीशी पंधरा मिनिटं अत्यंत निःपक्षपणे बोलले. छत्रीचं म्हणणंही त्यांनी ऐकून घेतलं.

गिरगावातले एक वकील मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते. माझ्या हातात नियुक्तीपत्र तयार होतं. निघता निघता त्यांनी सहज विचारलं, "परब म्हणजे आचऱ्याचे का हो?" मी पत्र परत पिशवीत घातलं. वरळी कोळीवाड्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना चष्मा नव्हता, नातं नव्हतं, आचरा त्यांना नकाशावरही दाखवता आला नसता. त्यांनी तक्रार वाचून फक्त एवढंच म्हटलं की एवढी मोकळी जागा आहे तर पापड कशाला, कोळंबीचे सोडे सुकवायचे. मॅडम म्हणाल्या, हा पूर्वग्रह आहे.

"मॅडम, मीच बसू का?" मी शेवटी विचारलं. "मला चष्मा नाही. परबांशी नातं निघणार नाही हेही लिहून देतो."

"तुम्ही कंत्राटी आहात, अभय. तुम्हाला मत असू शकतं. पण ते मार्चअखेर संपतं."

मग मॅडमनी ठराव तयार केला. त्यात अधिकाऱ्याच्या नावाची जागा कोरी सोडली. सभासदांची बैठक बोलवायची, अध्यक्षांनी ठराव वाचायचा, कोऱ्या जागेपाशी थांबायचं, कोणीतरी नाव सुचवायचं, ते भरायचं, झालं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कोकणातली माणसं देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एक वडीलधारा उभा राहतो आणि लांबलचक वाक्यांत देवाला सगळं सांगतो: कोण आजारी, कोणाचं लग्न अडलंय, कोणाचं काय चुकलं. प्रत्येक वाक्य जिथे टेकतं तिथे जमलेले सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. यात विचार करायचा नसतो. ते जांभईसारखं असतं, एकाला आलं की सगळ्यांना येतं. आमच्या घरी ही पद्धत नाही. आमच्याकडे बाबासाहेबांच्या फोटोखाली एक कपाट आहे आणि त्यात आजोबांनी जपलेल्या अर्जांच्या पोचपावत्या. आजोबांचं नाव बुधाजी. ते म्हणायचे, मागायचं ते लेखी मागावं आणि पोच घ्यावी. देव असो की महानगरपालिका.

परिषदेचे सगळे सभासद चष्मेवाले आणि सगळे कोकणातले. बैठकीला आले तेच गावी निघायच्या तयारीत. गणपती तोंडावर होते आणि गाड्यांना दोन-तीन दिवस असूनही कोपऱ्यात बॅगांची एक रांग लागली होती. अध्यक्ष गणपतराव राणे उभे राहिले. ते वयाने सर्वांत मोठे, आवाजाने त्याहून मोठे. गावच्या देवळात गाऱ्हाणं तेच घालतात, हे मला नंतर कळलं.

त्यांनी ठराव हातात घेतला, डोळे अर्धवट मिटले.

"ज्या अर्थी आज या ठिकाणी परिषदेचे सर्व सभासद एकत्र जमलेले आहेत..."

आवाज सावकाश वर चढला आणि सावकाश टेकला. मागच्या खुर्चीतून कोणीतरी, अगदी हळू, म्हणालं, "व्हय म्हाराजा."

"आणि ज्या अर्थी सरोजिनी परब हिच्या प्रकरणी जी काय तक्रार, जो काय दोष, जी काय चूकभूल उद्भवलेली आहे..."

"व्हय म्हाराजा," आता सगळे.

"तिचं निवारण करण्यासाठी श्री. अथवा श्रीमती..."

इथे कोरी जागा होती. गणपतराव नियमाप्रमाणे थांबले. पण वाक्य टेकलं होतं.

"व्हय म्हाराजा."

"...यांची सुनावणी अधिकारी म्हणून नियुक्ती करण्यात येत आहे."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांनी हात जोडले. एकाने डोळे न उघडता प्रसादासाठी तळवा पुढे केला. पंखा फिरत होता आणि दुपारचं ऊन फरशीवर पसरलं होतं. मिनिटभर वाटलं की आपण भोईवाड्यात नाही, कुठल्यातरी लाल मातीच्या आवारात बसलोय आणि बाहेर पोफळी आहेत. मग खाली एका टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला आणि सगळे जागे झाले.

मॅडमनी ठराव पाहिला. "एकमताने?"

"मी काही म्हटलं नाही."

"तुम्ही सभासद नाही. नियुक्ती कोणाची झाली?"

"कोऱ्या जागेची."

मॅडम विचारात पडल्या. "ती नात्यातली आहे का?"

"नाही."

"चष्मा?"

"नाही."

"मग अटीत बसतं," त्या म्हणाल्या. "आणि नवी बैठक घेणार कोणाची? हे चालले गावाला." त्यांनी गाड्या सुटायच्या आतली सुनावणीची तारीख घातली. सुतार येऊन नावाची पाटी देऊन गेला. पाटीवर काही नव्हतं, पण सागवान चांगलं होतं.

सुनावणीआधी पुरावा तपासणं माझं काम होतं. पुरावा म्हणजे हितेंद्र यांचा चष्मा, लाखबंद पाकिटात. मी तो घेऊन त्यांच्या सोसायटीत गेलो. वॉचमनने पोडियमवर, म्हणजे तलावाच्या मजल्यावर सोडलं. सकाळची वेळ. तलाव निळा आणि रिकामा, फक्त एक काका टोपी घालून पाठीवर तरंगत होते. मी चष्मा डोळ्यांना लावला.

आधी सगळं वितळलं. टॉवर उन्हात धरलेल्या मेणबत्तीसारखा वाकला आणि पातळ झाला. मग पाणी दाट झालं, घट्ट झालं, आणि त्यावर जुनी लुगडी अंथरलेली दिसली, कडेने दगड ठेवलेली. त्यावर पापड. एक बाई, पदर खोचलेला, गळ्यात चष्म्याची दोरी, बसल्या बसल्या सरकत होती आणि एकेक पापड उलटत होती. शेजारी कावळ्यांसाठी काठी. तरंगणारे काका तिच्या मांडीतून सावकाश गेले. तिने त्यांच्या पोटावरचा पापडसुद्धा उलटला. कुठेतरी रेडिओ लागला होता, शब्द ऐकू येत नव्हते, फक्त खरखर. मला तिथेच भिंतीला टेकून बसावंसं वाटलं, आणि कोणी हाक मारेपर्यंत उठू नये असं. मी चष्मा काढला. काकांनी पाण्यातून विचारलं, "योगा का?"

सुनावणीचं पत्र द्यायला मी दुकानावरच्या काकींच्या घरी गेलो, तेव्हा पत्र देता देता सांगून टाकलं. "पोह्याचे होते. मिरचीचे लाल ठिपके दिसत होते."

काकींनी पत्र न वाचताच बाजूला ठेवलं. उठल्या, दुकानाची चावी खुंटीवरून काढली आणि खाली गेल्या. बंद शटरच्या आत एक ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला.

सुनावणीच्या दिवशी सभागृहाच्या टोकाला खुर्ची मांडली. तिच्यापुढे कोरी पाटी, झाकण घातलेला पाण्याचा ग्लास. एका बाजूला काकी, चांगली साडी नेसून, मांडीवर पर्स. दुसऱ्या बाजूला हितेंद्र, ऑफिसच्या कपड्यांत, चष्मा नसल्याने डोळे बारीक करून. मध्ये मॅडम, मी लिहायला, आणि गाडी संध्याकाळची म्हणून थांबलेले गणपतराव. इतर सभासद बॅगा सांभाळत मागे. आत येताना प्रत्येकाने खुर्चीला नमस्कार केला. हितेंद्र यांनी तर केलाच, त्यांना ती रिकामी आहे हे दिसत नव्हतं.

"तक्रारदाराने म्हणणं मांडावं," मॅडम म्हणाल्या.

"सर," हितेंद्र खुर्चीला म्हणाले. मग डोळे आणखी बारीक केले. "किंवा मॅडम. चष्मा मी गेल्या वर्षी केला. टॉवरचा ताबा मिळत होता, कागदांवर सह्या करायच्या होत्या. तेव्हापासून हे चाललंय. माझं एवढंच म्हणणं आहे की नंबर चुकलाय."

खुर्चीने ऐकून घेतलं.

"परबबाई?"

काकी उभ्या राहिल्या. "चुकलाय."

मॅडमना हे अपेक्षित नव्हतं. "म्हणजे दोष मान्य?"

"मान्य. हा आला तेव्हा त्याची आई जाऊन आठवडा झाला नव्हता. चाळीतून टॉवरात जायचं होतं दोघांनी, गेला एकटा. माझ्या खुर्चीत बसून हा नुसता रडत होता आणि मी अक्षरं दाखवत होते. ओल्या डोळ्याचा नंबर काढायचा नसतो. पाण्याचंच भिंग होतं. 'चार दिवसांनी ये' म्हणायला हवं होतं मी. बाहेर गर्दी होती, काढला नंबर. माझ्या सासऱ्यांनी दुकानातून हाकलली असती मला."

मी लिहिलं: दोष मान्य. लिहिताना मला दिसत होतं, ह्या दोन शब्दांनी परवाना गेला. मागे कोणीतरी बॅगेची चेन उघडली आणि परत लावली.

"पण चूक ती नाहीये," हितेंद्र म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात नंबर चुकलाय," मॅडम म्हणाल्या.

"हो. म्हणजे कमी पडतोय." ते खुर्चीकडे वळले. "सर, ती वर बघत नाही."

"कोण?"

"आई." हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं, जणू तक्रारीत लिहिलंच होतं. "मी रोज सकाळी बाल्कनीत उभा राहतो. हात हलवतो. हाक मारतो. शेजाऱ्यांना वाटतं योगा करतो. ती पापड उलटत बसते. खाली जाऊन बघितलं तर लिफ्ट पोचेपर्यंत नुसता तलाव असतो. मला वाटलं, चष्मा थोडा अजून बरोबर असता तर तिने बघितलं असतं. परवाना घालवा असं मी कुठे म्हटलंय? योग्य ती कारवाई म्हटलंय."

"अरे बाबा," काकी म्हणाल्या. त्या आता खुर्चीशी बोलत नव्हत्या. "तुझ्या चष्म्याने ती कशी बघेल? बघायला तिचा चष्मा तिच्या डोळ्यांना नको?" त्यांनी पर्समधून एक डबी काढून टेबलावर ठेवली. "कमलवहिनीचा लांबचा. करून ठेवलाय कधीचा. 'पापडांची गडबड आहे गे, मागाहून नेतंय' म्हणाली. ती तशीच जवळचा घालून फिरायची. जवळच्या चष्म्यातून पापडापलीकडे काय दिसणार तिला? आणि तू जाऊन बसलास एकतिसाव्या मजल्यावर."

पंखा फिरत होता. हितेंद्र यांनी डबी उघडली, बंद केली. मॅडमनी पाण्याच्या ग्लासवरचं झाकण सरळ केलं. शांतता फार झाली की गणपतरावांना राहवत नाही. ते उठले. हातात कागद नव्हता, त्यांना लागत नाही.

"ज्या अर्थी आज या ठिकाणी दोघांची गाऱ्हाणी ऐकून घेतलेली आहेत..."

"व्हय म्हाराजा."

"आणि ज्या अर्थी गिऱ्हाईक जरी रडत असलं, आणि चष्मेवालीचं जरी चुकलं असलं, तरी तिने ते चारचौघांत मान्य केलेलं आहे..."

"व्हय म्हाराजा."

"तर जी काय चूकभूल झाली असेल ती पदरात घेऊन, ह्या लेकराच्या दुकानाचं जे काय वाकडं झालंय ते सरळ करून, तिचा परवाना पूर्ववत करण्यात येत आहे..."

"व्हय म्हाराजा."

या वेळी पहिला आवाज हितेंद्र यांचा होता. तो त्यांच्या तोंडून आला आणि त्यांनी स्वतःच दचकून आजूबाजूला बघितलं, कोण बोललं म्हणून. दिवसभर इंग्रजीत मीटिंगा घेणारा माणूस. मग त्यांनी दोन्ही हात जोडले आणि पुन्हा एकदा म्हणाले, सावकाश, जुन्या घराची कडी चाचपावी तसं.

"तक्रारदाराची संमती नोंदवू?" मी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "नोंदवा." त्यांचेही ओठ हलले होते, असं माझं म्हणणं नाही.

पेढे त्याच दिवशी आले. काकींनी शटर वर केलं, जगदीशने चष्मा नेला आणि पुढचा गणपती शांत निघाला.

मग आदेशाची प्रत मंजुरीसाठी वरच्या कार्यालयात गेली आणि तिथून साधा प्रश्न आला: सुनावणी अधिकाऱ्याची सही कुठे आहे? मॅडमनी आदेश घेऊन खुर्चीसमोर बराच वेळ उभं राहून पाहिलं. शेवटी त्यांनी मला सांगितलं ते मी लिहून घेतलं. सही नाही म्हणजे आदेश नाही. आदेश नाही म्हणजे सुनावणी नाही. अधिकारीच नव्हता, म्हणजे तक्रार कोणापुढे आलीच नाही. तक्रार नाही तर स्थगिती कसली? परवाना कधी गेलाच नव्हता. मुदत संपायच्या आत तो नवा करून देण्यात आला. तसं काकींना कळवलं, हितेंद्र यांना कळवलं आणि पुराव्याचा चष्मा, तो पुरावा नसल्यामुळे, परत केला.

हितेंद्र पत्र घेऊन दुकानात आले तेव्हा मी तिथेच परिषदेला चहा पाजत होतो.

"माझी तक्रारच नव्हती असं आलंय," ते म्हणाले. "मग मी रोज बघतो ते काय?"

"डोळे सुकले की ये," काकी म्हणाल्या. "नवा नंबर काढते. मग नाही दिसणार."

"सुकले की येतो," ते म्हणाले आणि दोघांनाही माहीत होतं की घाई नाही. मग त्यांनी डबी काढली. "हा मी तलावाच्या कडेला ठेवला होता. वॉचमनने उचलून हरवलेल्या वस्तूंत जमा केला. तिच्यापर्यंत पोचवायचा कसा?"

काकींनी माझ्याकडे बघितलं. गणपतराव गावी होते, गाऱ्हाणं घालायला कोणी नव्हतं. मी कपाटातल्या पोचपावत्या आठवल्या.

"लेखी देऊया," मी म्हटलं.

कांडपाचा मसाला हवेत होता, तिघांचेही डोळे झोंबत होते. काकींच्या काउंटरवर बसून अर्ज लिहिला आणि हितेंद्र यांनी खाली सही केली.

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी.

विषय: तयार चष्मा संबंधित महिलेस पोचता करण्याबाबत.

महोदय अथवा महोदया,

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, श्रीमती कमल घाडी यांचा लांबचा चष्मा तयार असून तो त्यांनी अद्याप नेलेला नाही. तरी सदर चष्मा त्यांच्यापर्यंत नेऊन, तो त्यांनी घातल्याची खात्री करून, त्यांना एकदा वर पाहण्यास सांगण्याकरिता एका अधिकाऱ्याची नियुक्ती करण्यात यावी. अधिकारी नात्यातला असल्यास अर्जदाराची हरकत नाही. पापड वाळेपर्यंत थांबण्याची अर्जदाराची तयारी आहे.

पोच मिळावी, ही विनंती.